लांबपल्ल्यातल्या अकरा खोल्या

नवऱ्याने जेवणाचं टेबल करवतीने मधोमध कापलं, त्याचे दोन्ही तुकडे वरच्या खोलीत नेऊन एकापुढे एक जोडले आणि त्यावर पेन्सिलीने आठ फूट लांबीची रेघ मारली. त्या दिवशी रफूताईला कळून चुकलं, की आपल्या घरात सवत आली.

"आता जेवायचं कुठे?" तिने विचारलं.

"मांडीवर ताट घेऊ की. पोटाला काय कळतंय?"

नवरा एका छोट्या कारखान्यात कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवायचे आणि हा त्यावरून मेण, प्लास्टर, गुलाबी प्लास्टिक यांतून अख्खं तोंड उभं करायचा. गल्लीतले निम्मे म्हातारे त्याच्या हातच्या दातांनी हसायचे. सगळे त्याला कवळीवाले म्हणायचे आणि त्याला त्याचा अभिमानच होता. ती कपडे धुण्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून रफू करायची. महागातल्या कोटाला सिगारेटने पडलेलं भोक ती असं बुजवायची, की गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून तिलाच विचारायचं, "भोक कुठे होतं हो?"

त्या रेघेवर जे उभं राहिलं ते अंतराळात जाणारं जहाज होतं. कुठल्या सिनेमातलं नाही, कुठल्या पुस्तकातलं नाही. सगळं त्याच्या डोक्यातलं. नाव ठेवलं 'लांबपल्ला'. हे जहाज एका दूरच्या ताऱ्याकडे निघालेलं, पोचायला सहाशे वर्षं लागणार, आत दोनशे बारा माणसं. जी निघाली त्यांतलं कुणीच पोचणार नाही; पोचतील ती त्यांच्या नातवंडांची पतवंडं. म्हणून जहाजात माणसाला जन्मभर लागेल ते सगळं हवं, असा त्याचा हट्ट. एकूण शहाण्णव खोल्या. दवाखाना, शाळा, स्वयंपाकघर, बियाण्यांची कोठी, कपडे वाळवायची खोली, भांडण झालं तर एकट्याने जाऊन बसायची खोली. दातांचा दवाखाना तर सगळ्यात आधी झाला.

विकत आणलेला एकही भाग त्यात नव्हता. प्लास्टिकचे पत्रे पातीने कापून अंग केलं. शाम्पूच्या बाटल्यांच्या झाकणांची इंजिनं झाली, बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरची बटणं चालकाच्या टेबलावर बसली. माणूस तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, त्या मापाने खुर्च्या, बशा, चपला. गाद्या मात्र सगळ्या कवळीच्या प्लास्टिकच्या, त्यामुळे झाडून सगळ्या गुलाबी.

"दोनशे बारा माणसं हिरड्यांवर झोपणार," ती म्हणायची.

"पण पडून राहतील. माझी कवळी कधी हलत नाही," तो म्हणायचा.

प्रत्येक खोली त्याने वेगळी केली होती. काड्यापेटीचा आतला डबा सरकतो तशी ती जहाजाच्या कुशीतून बाहेर ओढता यायची आणि परत सरकवता यायची. जहाजाची एक बाजू दारासारखी उघडायची. ती उघडून आतले बारीक दिवे लावले, की कुरकुर करत वर आलेली रफूताईसुद्धा क्षणभर गप्प व्हायची. मग म्हणायची, "चला, सवतीचा शृंगार झाला असेल तर जेवायला या."

नऊ वर्षांत पंच्याऐंशी खोल्या झाल्या. लेक लहानाची मोठी झाली, शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. आणि मग कामावर एक कवळी परत आली.

पुढचे सहा दात, त्यातला एक निळसर. बाकीच्या पाचांशी त्याचा रंग जुळत नव्हता. कवळीवाल्याने ती उजेडात धरली, फिरवून बघितली आणि म्हणाला, "जुळतोय की." मालक वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची पुढे केली, चहा मागवला. बत्तीस वर्षांत मालकाने त्याच्यासाठी कधी चहा मागवला नव्हता. 

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. "ठार आंधळे होणार नाही तुम्ही," त्या म्हणाल्या. "कडेचं दिसत राहील. पण ज्याच्याकडे नीट बघाल, नेमकं तेच दिसणार नाही. तुमचा जो प्रकार आहे, त्याला औषध नाही."

घरी येताना बसमध्ये तो तिला म्हणाला, "म्हणजे आता तुला बघायचं तर खांबाकडे तोंड करावं लागणार." तो स्वतःच हसला. ती खिडकीबाहेर बघत राहिली, कारण तिचे डोळे भरून आले होते, आणि मग तिच्या लक्षात आलं की तोंड फिरवायची गरजच नव्हती.

नोकरी सुटली. महिनाभर तो खुर्चीत बसून राहिला. एक दिवस नाश्ता झाल्यावर उठला, कठड्याला धरून जिना चढला आणि वरून ओरडला, "अगं, माझी पाती कुठे ठेवलीस?"

ती धावत वर गेली.

"अकरा खोल्या राहिल्यात," तो म्हणाला. "हाताला सगळं पाठ आहे. बत्तीस वर्षं याच बोटांनी काम केलंय, ती काय एका महिन्यात विसरतील?"

लेकीने दिव्याचं मोठं भिंग पाठवून दिलं. तो रोज खिडकीशी बसायचा, मान एका बाजूला कलती करून, जणू कुणी हाक मारतंय ती ऐकतोय. दुपारपर्यंत काम करायचा. तीन आठवड्यांनी शाळा झाली. त्याने तिला वर बोलावलं.

"कसं झालंय?"

ती वाकली. आठ बाकांतली तीन बाकं पाय वर करून उलटी चिकटली होती. भिंतीवर गोंदाचे धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे लोंबत होते. फळ्याचा हिरवा रंग ओघळून जमिनीवर आला होता. तिने वर बघितलं. तो तिच्या कानाच्या थोडं पलीकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर शाळकरी पोराची उत्सुकता होती.

"छान झालंय," ती म्हणाली.

"बाकं?"

"अगदी रांगेत आहेत."

त्याने मांडीवर थाप मारली. "बघ! म्हटलं नव्हतं?"

संध्याकाळी त्याचा मित्र, कोपऱ्यावरचा घड्याळजी, त्याला फिरायला घेऊन जायचा. सव्वा तास तरी दोघं बाहेर असायचे. दुसऱ्या दिवशी ते गेल्यावर ती वर गेली. तीन बाकं सरळ करायची, एवढंच तिच्या मनात होतं. शाळेचा डबा बाहेर ओढला, चिमट्याने पहिलं बाक उचलायला गेली, तर ते हातात तुटलं. दुसरं तुटलं. तिसऱ्याबरोबर जमिनीचा टवका आला.  आता नवीन केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

रोज सव्वा तास, असे नऊ दिवस तिने शाळा केली. प्लास्टिक कापताना अंगठा कापला, तर तो म्हणाला, "भाजी सावकाश चीर गं." सुईच्या टोकाने गोंद लावायची युक्ती तिची तिनेच काढली. जुनी बाकं, खरवडलेला रंग, तुटका फळा, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून तिने भाजीच्या देठांबरोबर कचऱ्यात टाकलं. सापडायला नको, एवढाच विचार तेव्हा होता.

तोवर त्याने पुढची खोली घेतली होती.

असं दीड वर्ष चाललं. सकाळी तो करायचा, संध्याकाळी ती त्याचं केलेलं काढून नवं करायची. खोल्या इतक्या चिमुकल्या, की आत बोट जायचं नाही. चाचपून त्याला काही कळण्यातलं नव्हतं. अडलं की ती आडून विचारायची. "अहो, तुम्ही त्या नळ्या वाकवता तरी कशा?" तो खुशीत येऊन सांगायचा, मेणबत्तीपासून किती अंतरावर धरायची, किती आकडे मोजायचे. इतक्या वर्षांत बायकोने सवतीची एवढी चौकशी कधी केली नव्हती.

आणि एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही. तिला ते आवडायला लागलं होतं. दुकानात रफू करताना तिला कपडे वाळवायच्या खोलीची दोरी दिसायची. तिच्या हातात आयुष्यभर दुसऱ्यांची भोकं आली होती. इथे पहिल्यांदाच काहीतरी नव्याने उभं राहत होतं. तो करायचा त्या खोल्यांत सगळं काटकोनात असायचं. तिच्या खोल्यांत कुणीतरी खुर्ची मागे ढकलून नुकतंच उठलेलं असायचं. खुंटीवर टॉवेल वाकडा. पांघरूण अर्धं खाली आलेलं. कधीकधी ती गुणगुणायची आणि जिन्यात पावलं वाजली की दचकून गप्प व्हायची.

एकदा घड्याळजी छत्री विसरला म्हणून एकटाच परत आला आणि वर डोकावला. तिच्या हातात चिमटा होता, पुढ्यात डबा होता. त्याने सगळं एका नजरेत ओळखलं.

"वहिनी, त्याला माहीत आहे?"

"नाही. आणि तुम्हीही ब्र काढायचा नाही."

घड्याळजीने डोकं खाजवलं. "तो मला रोज सांगतो हो. म्हणतो, डोळे गेले पण हात शाबूत आहे. छाती फुगवून सांगतो."

"मग फुगू दे की छाती. तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही, वहिनी," घड्याळजी म्हणाला आणि छत्री घेऊन खाली उतरला.

शहाण्णवावी खोली झाली त्या वर्षी नमुने बनवणाऱ्यांचं प्रदर्शन भरलं. एका मोठ्या सभागृहात आगगाड्या, किल्ले, विमानं मांडलेली. लांबपल्ला चौघांनी उचलून नेला. लेक मुद्दाम सुट्टी काढून आली. कवळीवाल्याने कोट घातला, दाढी गुळगुळीत केली आणि जहाजाशेजारच्या खुर्चीत नवरदेवासारखा बसला. लोक यायचे, वाकायचे, "बाप रे!" म्हणायचे. तो त्या आवाजांकडे तोंड करून हसायचा.

दुपारी परीक्षक आले. उंच, किडकिडीत, जन्मभर नाटकांचे पडदे आणि देखावे उभे केलेला माणूस. त्यांनी खिशातून छोटा दिवा काढला आणि गुडघ्यावर बसून एकेक खोली बघायला लागले. अर्धा तास झाला तरी उठेनात. भोवती गर्दी जमली.

"हे दोघांचं काम आहे ना?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही हो," कवळीवाला म्हणाला. "मी एकट्याने केलंय. दहा वर्षांवर काळ गेला."

"अहो, कसं शक्य आहे? बहुतेक खोल्या अचूक आहेत, मापात रेसभर चूक नाही. पण या काही खोल्या वेगळ्या हाताच्या आहेत. इथे माणसं राहतात. ही शाळा बघा. हा कपडे वाळवायचा भाग. मागची ती शिवणाची खोली. एक, दोन, तीन..." ते मोजत गेले. रफूताईला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. "...दहा, अकरा. या अकरा खोल्या म्हणजे जहाजाचा जीव आहे. कुणी केल्या?"

 कवळीवाल्याची बोटं मांडीवर हळूहळू हलत होती. तोही मोजत होता. मग त्याने हात बाजूला पसरला, चाचपत तिचा हात शोधला आणि धरला.

"माझ्या बायकोने," तो म्हणाला. आवाज स्वच्छ होता. "तिचा हात फार हलका आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिलं बक्षीस मिळालं. फोटो काढताना त्याने तिला पुढे केलं. घरी येईपर्यंत तो लेकीशी हवापाण्याचं बोलत होता. त्याने तिचा हात सोडला नव्हता, पण त्याच्या पकडीत जीव नव्हता.

घरी लेक चहा टाकायला आत गेली, तेव्हा तो म्हणाला, "अकराच्या अकरा?"

"हो."

"एकही ठेवण्यासारखी नव्हती?"

ती त्याच्या पायाशी जमिनीवर बसली.

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही काम थांबवलं असतं."

"थांबवलं असतं. पण ते मी थांबवलं असतं." तो म्हणाला. "दीड वर्ष मी रोज तुला विचारत होतो, कसं झालंय. तू रोज छान म्हणालीस. मी घड्याळजीला सांगत होतो. लेकीला फोनवर सांगत होतो. सगळ्या जगाला सांगत होतो गं मी."

"तुमचा चेहरा बघवत नव्हता मला."

"बरं, मी केलेलं कुठे आहे?"

"काय?"

"मी जे केलं होतं ते. बाकं, नळ्या. तू काढलंस ते. कुठे ठेवलंयस?"

 कुठल्यातरी डब्यात ठेवलंय असं सांगावं, असं क्षणभर वाटलं. पण खोटं आता जिभेवर येईना.

"टाकलं," ती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं."

त्याने मान हलवली. कितीतरी वेळ तो नुसती मान हलवत होता. "वाईटच असणार," तो म्हणाला. "वाकडंतिकडं असणार. पण माझ्या हातचं शेवटचं काम होतं ते. त्यानंतर मी काही करणार नव्हतो."

लेक चहा घेऊन बाहेर आली तेव्हा बाबा खुर्चीत होते आणि आई जमिनीवर बसून, त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकून रडत होती. बाबांचा हात आईच्या केसांवर होता. पण तो केसांवरून फिरत नव्हता, ठेवल्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी निघताना लेक तिला म्हणाली, "आई, मनाला लावून घेऊ नकोस. तू त्यांच्यासाठीच केलंस."

"सुरुवात त्यांच्यासाठी होती," ती म्हणाली. "पुढे माझ्यासाठी झालं. म्हणून तर जास्त लागतंय."

कवळीवाला पुन्हा कधी जिना चढला नाही. लांबपल्ला एका वाचनालयाने मागून नेला, दर्शनी भागात काचेत ठेवला. दोघांची नावं घालायची, असं त्याने बजावून सांगितलं होतं. परीक्षकांनी तिला एका नाटकाच्या देखाव्याचा छोटा नमुना करायला बोलावलं. तिने नाही म्हटलं. कारण विचारलं तर "डोळे दुखतात" एवढंच म्हणाली. तिचे डोळे ठणठणीत होते.

तसं दोघांचं बरं चाललं होतं. तो चिडला नाही, अबोला धरला नाही. जेवताना तिची थट्टा करायचा, रेडिओवरच्या बातम्यांना शिव्या द्यायचा, तिला बरं नसलं की चाचपत चाचपत पाणी आणून द्यायचा. बाहेरच्या कुणाला काही बदललंय असं सांगूनही पटलं नसतं.

पण तिला पहिल्या आठवड्यातच कळलं. पूर्वी फिरायला निघताना तो तिच्यापुढे उभा राहून विचारायचा, "बटणं नीट लागलीत ना?" आता तो दारात थांबायचा आणि घड्याळजी आला की त्याला विचारायचा. दूध नासलंय का, पत्रात काय लिहिलंय, शर्टावर डाग आहे का, सगळं घड्याळजीला, नाहीतर शेजारच्या मास्तरीणबाईंना. तिने आपण होऊन सांगितलं तर ऐकून घ्यायचा, "हो का?" म्हणायचा, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या कुणाला तेच विचारायचा. तिचं मन दुखवावं म्हणून नव्हे. बंद पडलेल्या दिव्याचं बटण आपण दाबत नाही, तितक्या सहजपणे.

एकदा तिला राहवलं नाही. "अहो, मी आता खरं सांगते हो सगळं."

"माहीत आहे मला," तो मायेने म्हणाला. "तू कशाला खोटं सांगशील?" आणि संध्याकाळी मोजे एकाच रंगाचे आहेत का, ते त्याने घड्याळजीला विचारलं.

चार वर्षांनी त्याच्या छातीत पाणी झालं. इस्पितळात तो अकरा दिवस होता. सातव्या दिवशी त्याला थोडं बरं वाटलं, तेव्हा त्याने दाढी करायला मागितली. तिने तोंडाला साबण लावून दिला, वाटी धरली. वस्तरा मात्र त्याने स्वतःच्या हातात घेतला. बोटांनी गाल चाचपत, सावकाश, अर्धा तास दाढी केली. ती पलंगाच्या कडेला, त्याच्या इतकी जवळ बसली होती, की त्याचा श्वास तिला लागत होता.

तेवढ्यात ताप बघायला परिचारिका आली. अठरावीस वर्षांची, घाईत असलेली मुलगी.

"ताई," त्याने त्या मुलीला विचारलं, "दाढी कशी झालीय?"

मुलीने वाकून बघितलं. "हनुवटीखाली राहिलीय की, आजोबा. डावीकडे चांगला पट्टाच राहिलाय."

"राहिलाय?" त्याचा चेहरा खुलला. "शाबास! कुठे, दाखव."

मुलीने बोट लावून जागा दाखवली आणि ती पुढच्या पलंगाकडे गेली. त्याने तिथे पुन्हा वस्तरा फिरवला. तो पट्टा रफूताईला केव्हापासून दिसत होता. सांगायला म्हणून तिने दोनदा तोंड उघडलंही होतं. तिने वाटीतलं पाणी बदलून आणलं आणि ती परत त्याच्या शेजारी येऊन बसली.